रिकाम्या वाटीचा वास

जळगावात मला राहायला खोली मिळाली ती माझ्या नाकामुळे. पगार, घराणं, कोणाची ओळख, यातलं त्या घरमालकांनी काहीही विचारलं नाही. मी धुळ्याहून नुकताच आलो होतो, कापसाच्या एका जिनात कारकून म्हणून लागलो होतो आणि वळकटी खांद्यावर घेऊन त्यांच्या ओट्यापुढे उभा होतो. ते केळीचं वाळलेलं पान कात्रीने कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"सर्दी होते?"

"क्वचित."

"तपकीर ओढता?"

"नाही."

"विडी?"

"नाही."

"काम कुठे?"

"जिनात."

"मग नाकात कापूस असणार. तिथे रांजण आहे, स्वच्छ शिंकरून या."

मी शिंकरून आलो. त्यांनी उपरण्याने माझे डोळे बांधले आणि माझ्या नाकापुढे एकामागून एक वाट्या यायला लागल्या. पहिलीत हिंग होता, दुसरीत रॉकेल, तिसरीत उतरलेलं ताक. मग एक वाटी आली तिला वासच लागेना. मी पुन्हा हुंगलं.

"यात काही नाही."

"नीट हुंगा."

"हुंगलं. रिकामी आहे."

उपरणं सुटलं. समोर घरमालक मिशीत हसत रिकामी वाटी उलटी धरून उभे होते.

"खोली तुमची. आजवर जे आले ते सगळे या वाटीत काहीतरी टाकून गेले. एकाला गुलाब आला, एका मास्तरांना कापूर आला. मला बरं वाटावं म्हणून! रिकाम्या वाटीला वास लावणारा माणूस मला घरात नको."

ही वाटी मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो आहे. पुढे तिचं काम आहे.

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे, मीही म्हणायला लागलो. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर काढला होता. नोकरी सुटली तरी बोलणं मालधक्क्यावरच राहिलं होतं. जावई आला की "पार्सल पोचलं", पाहुणे उठले की "गाडी सुटली". मानमोडीच्या साथीत त्यांच्या घरात दोन गोष्टी झाल्या. त्यांची बायको गेली, आणि ते स्वतः तापातून उठले तेव्हा त्यांना कशाचाच वास येईनासा झाला होता. याबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं. म्हणाले, "दोघं एकाच वाघिणीतून रवाना झाले. बिल्टी मला मिळाली नाही." मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात आणि मालाच्या पावतीला बिल्टी, हे तोवर मला माहीत नव्हतं. पुढे मी काही विचारलं नाही.

वास गेलेल्या माणसाने अत्तराचा नाद सोडावा, हलवायाच्या दुकानावरून सरळ निघून जावं. आबांनी काय करावं? त्यांनी खत करायला घेतलं. घरामागे मोठं परस होतं, त्यात त्यांनी तीन खड्डे खणवले आणि त्यांना नावं दिली: आवक, यार्ड आणि जावक. घरातलं, गल्लीतलं, बाजारातलं जे जे म्हणून लोक टाकतात ते आवकमध्ये उतरायचं. त्यावर शेणकाल्याचा हात, वर राखेची चिमूट, वर मातीचा थर, वर पाण्याचा शिपका. ते निम्मं मुरलं की यार्डात, आणि काळंभोर, भुसभुशीत झालं की जावकमध्ये. "कचरा असं जगात काही नसतं," ते म्हणायचे, "चुकीच्या स्टेशनावर उतरलेला माल असतो. आपण फक्त पुढे रवाना करायचा."

ढिगात ते लोखंडी पहार खुपसून ठेवत आणि सकाळी उपसून तिच्या टोकाला हात लावत. वैद्याने नाडी बघावी तसा चेहरा करत. पहार गरम लागली तर खूश. "ताप आहे. प्रकृती उत्तम." ताप हाताला कळत होता, पण ढीग आंबला का, सडला का, हे कळायला नाक लागतं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून भाडेकरू. माझ्या माडीवरच्या खोलीची खिडकी बरोबर यार्डावर उघडायची. रोज सकाळी मी दात घासायला बाहेर आलो की खालून हाक यायची, "नाकवाले, काय खबर?" मी खाली उतरून, उकिडवा बसून मूठभर माल हुंगायचा आणि सांगायचं. पहिले काही दिवस मला कमालीची शरम वाटे. मग सवय झाली. जिनात निघताना कोणी हटकलं तर मी सरळ सांगे, "थांबा, रिपोर्ट देऊन येतो."

खरं सांगायचं तर तयार खताला वास येतो तो नुसता मातीचा. ओली, थंड, चांगली माती. "म्हणजे कसा?" आबा विचारत. मी सांगायचा प्रयत्न करी. विहिरीच्या आतल्या बाजूचा वास. रांजण रिकामा केल्यावर त्याच्या बुडाशी असतो तो. ते डोळे मिटून ऐकत. मूठ स्वतःच्या नाकाशी नेत, खोल श्वास घेत आणि मूठ खाली ठेवत. रोज. मला वाटतं, ते रोज एकदा खात्री करून घेत.

बाकी माणूस म्हणून आबांबरोबर राहणं सोपं नव्हतं. भाडेकरूच्या ताटाकडे त्यांचं लक्ष नसे, ताटानंतरच्या टोपलीकडे असे. "काल वांगं भाजलंत आणि साल धुऊन टाकलंत. धुतलंत कशाला? त्याच्यावरची राख गेली ना!" लग्नकार्याला ते आहेर घेऊन जात आणि येताना उष्ट्या पत्रावळी घेऊन येत. यजमान पंगतीत आग्रह करू लागले की म्हणत, "पोटाचं राहू द्या, पत्रावळींचं काय ठरलं?" मी जिनातला सरकीचा आणि कापसाचा केर पोत्यात भरून आणून देई, त्या दिवशी मला मुकादमाचा मान मिळे. कुणाकडे बारसं असो की बारावं, त्यांचं लक्ष निर्माल्यावर.

गोवऱ्या थापणाऱ्या रखमाबाईशी त्यांचं जुनं वैर होतं. ती जवळच्या खेड्यातून डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत यायची. आबा तिला वाटेत गाठून म्हणायचे, "अगं, शेण जाळतेस ते शेत जाळतेस. मला दे."

"आबा, बठ्ठं शेण तुमले दिधं ते मी चूल कशावर पेटाडू? तुमना डोकावर?"

"पऱ्हाट्या जाळ. कापसाच्या काड्या कमी आहेत का खानदेशात?"

"आनि पऱ्हाट्या सरन्यात म्हंजे?"

"मग माझ्या डोक्यावर."

ती खो खो हसायची. शेवटी काय झालं कोण जाणे, एका वर्षी तिने अर्धी पाटी शेण आबांना दिलं आणि बदल्यात गाडीभर खत नेऊन आपल्या वांग्यांना घातलं. हिवाळ्यात ती एक हिरवं वांगं पदरात गुंडाळून आली आणि ओट्यावर ठेवून म्हणाली, "देखा. मना पोऱ्याना डोकाइतलं झायं." आबांनी ते वांगं दोन दिवस कुणाला भाजू दिलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. म्हणायचे, माती भाकरीसारखी मऊ झाली की झाडाला दात लागत नाहीत. खत घातलेल्या वाफ्याला पाणीही कमी लागतं, ते तासभर उन्हात बसून दाखवायचे. म्हणजे समोरच्याला बसवायचे.

आता शेजाऱ्यांकडे यायला हवं.

परसाच्या भिंतीपलीकडे एक वकील राहत. लोक त्यांना नाना म्हणत. त्यांच्या घरी त्यांची विधवा बहीण होती, तिला सगळे आत्याबाई म्हणत, आणि मुलगी होती, इंदू. आत्याबाई सोवळ्याच्या कडक होत्या, पण त्यांच्या घरचा ओला कचरा रोज संध्याकाळी भिंतीवरून थेट आबांच्या आवकमध्ये पडे. कोपऱ्यावरच्या उकिरड्यापर्यंत कोण जाणार? ते काम इंदूकडे होतं. ती टोपली उंच करून भिंतीवर टेकवी आणि उपडी करी, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या खिडकीकडे जाई. माझी नजर तर तिथे आधीपासूनच असे. आमचं प्रेम भोपळ्याच्या सालींच्या साक्षीने जमलं म्हणायला हरकत नाही. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ना सालींचं, ना माझं. आबांना सालींचं ठाऊक होतं. "वकिलांकडे आज भरीत," ते म्हणत आणि गप्प बसत. आलेला माल परत पाठवायचा नाही, हा त्यांचा मालधक्क्यावरचा नियम होता.

तर त्या वर्षीची दिवाळी.

लक्ष्मीपूजन झाल्यावर पहाटे बायका घर झाडतात आणि तो केर नव्या केरसुणीने सुपात भरून, सूप बडवत, गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकतात. ती अलक्ष्मी. टाकून मागे न बघता परतायचं. त्या पहाटे बायका सूप वाजवत गल्लीच्या तोंडाशी पोचल्या, तो तिथे आबा कंदील आणि मोठी टोपली घेऊन उभे!

"जमिनीवर नको. इथे टाका, थेट टोपलीत."

बायका जागच्या जागी थबकल्या. सूप वाजायचं थांबलं. सगळ्यांत पुढे आत्याबाई होत्या.

"आबा, अहो ही अलक्ष्मी आहे!"

"असू दे. ओली की सुकी?"

"घरात नेता की काय तुम्ही हिला?"

"घरात नाही, खड्ड्यात. तुम्हांला नको ना? मग झालं तर. एवढ्या घरांची अलक्ष्मी एकदम मिळायची म्हणजे वर्षातून एकदाच."

कोणी तरी हसली. हसणं पसरलं, आणि टोपली भरली. आत्याबाईंनी मात्र आपलं सूप तसंच धरून ठेवलं, आणि मागे न बघता परतायचं ते विसरून पाच-सहा वेळा मागे पाहिलं.

दिवाळीनंतर नाना एक दावा हरले. तो दावा हरण्यासारखाच होता, कोर्टात सगळे म्हणत होते. पण आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. अख्ख्या गल्लीची अलक्ष्मी भिंतीपलीकडे साठवलेली, भिंत पुरुषभर उंच, अलक्ष्मीला पाय असतात. नाना शिकलेले गृहस्थ. ते बहिणीवर हसले, पण दावा हरलेला माणूस फार वेळ हसत नाही. अलक्ष्मी कायद्यात बसत नव्हती, दुर्गंधी बसत होती. त्यांनी नगरपालिकेत तक्रार दिली की शेजारच्या खड्ड्यांना असह्य दुर्गंधी येते, ते बुजवावेत.

त्याच सुमारास माझ्या घरच्यांनी आणि नानांच्या घरच्यांनी इंदूच्या आणि माझ्या लग्नाचं बोलणं सुरू केलं होतं. मी त्यांच्याकडे पोहे खाऊन आलो होतो. तक्रारीची चौकशी व्हायच्या आदल्या दिवशी नानांनी मला चहाला बोलावलं. त्यांनी मला काहीही शिकवलं नाही, हे मी त्यांच्या वतीने सांगायला हवं. ते फक्त म्हणाले, "उद्या नगरपालिकेचे इन्स्पेक्टर येताहेत. तुमची खिडकी तिकडेच उघडते, नाही का?" आणि बशी माझ्याकडे सरकवली. आतून बांगड्या वाजल्या. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी परसात सगळे जमले. इन्स्पेक्टर साहेबांनी अत्तर लावलेला रुमाल नाकाशी धरला होता, त्यामुळे त्यांना अत्तराखेरीज कशाचाही वास येणं शक्य नव्हतं. त्यांचा शिपाई विड्या ओढणारा. आत्याबाई भिंतीपलीकडे स्टुलावर उभ्या होत्या, त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. नानांनी भाषण केलं. आबांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं आणि ते यजमानासारखे हसत होते. त्यांना काळजी कशाची? त्यांच्याकडे नाक होतं.

साहेबांनी रुमालातून विचारलं, "वास येतो का याला? कोण सांगेल?"

"आमचे नाकवाले सांगतील," आबा म्हणाले. "परीक्षा घेऊन ठेवलेत."

सगळे माझ्याकडे वळले. मी खाली वाकलो, यार्डातली मूठ उचलली, हुंगली. ओली, थंड, चांगली माती. वर पाहिलं तर भिंतीवर आत्याबाईंचं डोकं, बाजूला नानांच्या चष्म्याची सोनेरी काडी.

"येतो," मी म्हणालो. "थोडा."

मला वाटलं होतं, आबा चिडतील. मला शिव्या देतील, घर सोड म्हणतील. मी त्या तयारीने उभा होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर आज हे लिहावं लागलं नसतं.

आबा दोन पावलं पुढे आले. चेहऱ्यावर नुसती काळजी. आजारी मुलाच्या बापाने डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"कुठला? आंबूस की कुजका?"

"आंबूस," मी म्हणालो. खोटं बोलतानाही मी त्यातलं सौम्य निवडलं.

"आंबूस म्हणजे पाणी जास्त झालं. हवा जात नाही आत." ते साहेबांकडे वळले. "साहेब, तक्रार बरोबर आहे. दोष माझा आहे. मला वास येत नाही, पण यांना येतो. मला थोडी मुदत द्या. सगळं उपसून बघतो."

नानांची बाजू इतक्या लवकर कोणी मान्य केली नव्हती त्यांच्या आयुष्यात. साहेबांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर वास गेला नाही तर खड्डे बुजवायचे.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत, आणि विसरताही येत नाहीत. आबांनी ढीग उलथायला घेतला. जुन्या पद्धतीने ते दोनदा पलटी देत, आता तिसरी. मजूर "आबा, यात काही नाही" म्हणून निघून गेले. मग ते स्वतः, धोतराचा काचा मारून, फावडं घेऊन. वय साठीच्या पुढचं. उपसलेली प्रत्येक टोपली ते माझ्याकडे आणत. "हिच्यात?" मी हुंगे. "नाही." "मग खालच्या थरात असेल." पुन्हा फावडं. नसलेला वास शोधायला त्यांनी तो खड्डा तळापर्यंत खणला, आणि तळाशी वास सापडला नाही तेव्हा आणखी हातभर खणला. एका सकाळी ते वाकले ते वाकलेलेच राहिले. आम्ही त्यांना तसंच उचलून ओट्यावर ठेवलं. त्या अवस्थेत, गुडघ्यांकडे बघत, ते म्हणाले, "नाकवाले, आज किती?"

"कमी आहे आबा. खूप कमी आहे."

"तुम्ही आहात म्हणून कळतं," ते म्हणाले.

मी रोज "कमी आहे" सांगत होतो. एकदम गेला म्हटलं असतं तर नाना माझ्याकडे चष्म्यावरून पाहतील, अशी भीती. आहे म्हटलं तर आबा आणखी खणतील. म्हणून मी एखाद्या तापासारखा तो वास उतरवत आणला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी इंदू भिंतीशी आली. आमचं लग्न तोवर ठरलं होतं, म्हणून की काय, ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"तुम्हांला खरंच वास आला होता?"

मी तिच्या टोपलीकडे पाहिलं.

"मी इतकी वर्षं इथे टोपली उपडी करते आहे. मला कधी आला नाही."

"तुझ्या बाबांनी..."

"बाबांना मी विचारत नाहीये." तिने टोपली उपडी केली. गाजराच्या साली होत्या. "आबांची पाठ बघितलीत?" आणि ती निघून गेली. लग्न मोडेल असं मला त्या रात्री वाटलं. मोडलं असतं तरी तिचं चुकलं नसतं.

संक्रांतीला साहेब आले. या वेळी रुमाल नव्हता, खिशात तिळगूळ होता. आबा कंबरेला पट्टा बांधून उभे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूठ उचलली, हुंगली आणि म्हणालो,

"आता येत नाही."

त्या "आता"च्या आड मी लपलो. "कधीच येत नव्हता" एवढं म्हणायचं होतं, आणि नाना चार हात अंतरावर उभे होते. आबांनी दोन्ही हात जोडले, आधी साहेबांना, मग मला. खड्डे वाचले. आत्याबाई स्टुलावरून उतरल्या. नाना त्या हंगामात पुढचा दावा जिंकले, त्यामुळे अलक्ष्मीनेही भिंत ओलांडायचं सोडलं असावं.

आमच्या लग्नात आबा आले ते लाल फडक्याने झाकलेली टोपली घेऊन. आहेर मांडला होता तिथे, पितळी भांड्यांच्या शेजारी, त्यांनी ती ठेवली आणि फडकं काढलं. जावकमधलं सर्वांत जुनं, चाळलेलं खत. भटजी दोन पावलं मागे सरले. आबांनी भर मांडवात सांगितलं, "मंडळी, या पोराचं नाक नसतं तर माझा ढीग सडून गेला असता. यांनी सांगितलं, मी तिसरी पलटी दिली, आणि खत बघा! हे नाक, वकीलसाहेब, तुम्ही आज जावई करून नेताय, मला फार जड जातंय." लोक हसून बेजार झाले. मी मुंडावळ्यांच्या मागे मान घालून बसलो. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघायचं टाळलं. इंदूने वाकून चिमूटभर खत उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. आणि जाताना, सांगायला नको, आबांनी सगळ्या पत्रावळी नेल्या.

पुढे मला धुळ्याला नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. आबांची कीर्ती मात्र इकडेही पसरतच होती. रखमाबाईच्या वांग्यांनी ते काम केलं होतं. खेड्यांतून शेतकरी गाड्या घेऊन आबांकडे खत बघायला येत, आबा त्यांना शिकवत: थर कसा द्यायचा, पाणी किती, पऱ्हाट्या कशा बारीक करायच्या, आणि पलटी तीन. "दोन पुरत नाहीत. दोनवर मी होतो, आंबला होता. आमच्या नाकवाल्यांनी पकडला." दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत धान्याची टंचाई झाली आणि सरकारनेच गावोगाव असे खड्डे खणायला सांगितलं. आबा म्हणाले म्हणे, "एवढ्या वर्षांनी सरकारला माझी बिल्टी पोचली."

लढाई संपली त्या वर्षी मी मुद्दाम जळगावला गेलो. एकटाच. इंदू म्हणाली होती, "आता तरी जा." आबा खाटेवर होते, पाठ कायमची वाकलेली, पण उशाशी टोपली होती. मी बसलो आणि सांगून टाकलं. त्या दिवशी वास आला नव्हता. कधीच आला नव्हता. मी नानांच्या भीतीने बोललो.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग हसले.

"तुम्ही विसरलात."

"नाही आबा. मला पक्कं आठवतं."

"तिसरी पलटी दिली आणि खत सुधारलं की नाही? सुधारलं. म्हणजे आधी दोष होता. दोष होता म्हणजे वास होता."

"नव्हता, आबा! मी खोटं बोललो."

"तुम्ही?" ते कोपरावर थोडे उठले. त्यांना माझा राग आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही खरं बोलल्याबद्दल. "मी तुमची परीक्षा घेतली होती. रिकाम्या वाटीला वास लावणारा माणूस तुम्ही नव्हे. मला काय शिकवता?"

त्यांनी टोपलीतली मूठ माझ्यापुढे धरली.

"बोला. काय खबर?"

मी हुंगलं. "मातीचा, आबा. विहिरीच्या आतल्या बाजूचा."

त्यांनी मूठ आपल्या नाकाशी नेली, खोल श्वास घेतला आणि हळूच खाली ठेवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले.

आज आमच्या धुळ्याच्या घरामागे तीन खड्डे आहेत. आवक, यार्ड, जावक, नावं तीच. आजूबाजूच्या खेड्यांत ज्यांनी आबांकडून शिकून घेतलं ते सगळे तीनदा पलटी देतात. उन्हात, कंबर धरून, माझं नाव न घेता. कुणी सांगतात, तिसऱ्या पलटीने खत लवकर मुरतं. तसं असेल तर माझं खोटंच खरं ठरतं, आणि मला आणखीच अवघड आहे. नसेल तर या मुलखातल्या कितीतरी पाठी माझ्यापायी दुखत असणार.

पहिल्या दोन पलट्यांना मी गडी लावतो. तिसरी मात्र मी स्वतः देतो. पाठ धरते, मधे बसावं लागतं. इंदू ओट्यावर भाजी निवडत असते. देठ माझ्या टोपलीत टाकत ती विचारते,

"ही कितवी?"

"ही माझी," मी सांगतो आणि फावडं उचलतो.